अतिसंवेदनशीलता प्रतिक्रिया

शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या निरुपद्रवी पदार्थावर, औषधावर किंवा स्वतःच्याच पेशींवर वाजवीपेक्षा जोराने तुटून पडते आणि त्यात ऊतींना इजा होते, तेव्हा त्या प्रतिसादाला अतिसंवेदनशीलता प्रतिक्रिया म्हणतात. इजा करणारे प्रतिपिंड, पूरक प्रथिने व टी पेशी एरवी जंतूंशी लढणारेच असतात. बहुधा पहिल्या संपर्कात शरीर त्या पदार्थाची नोंद घेते आणि त्रास पुढच्या संपर्कात होतो. फिलिप जेल व रॉबिन कूम्ब्स यांनी १९६३ मध्ये केलेली चार प्रकारांची विभागणी आजही शिकवली जाते.

पहिला प्रकार तात्काळ उद्भवतो. आयजीई प्रतिपिंड मास्ट पेशींवर बसलेले असतात. प्रतिजन, म्हणजे प्रतिक्रिया जागवणारा पदार्थ, त्यांना चिकटताच हिस्टामिन बाहेर पडते आणि काही मिनिटांत गांधी, शिंका, दमा यांपैकी काहीही सुरू होते. अंगभर उसळलेल्या तीव्र प्रतिक्रियेत घसा सुजतो, रक्तदाब कोसळतो. अशा वेळी मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन जीव वाचवते. ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून वेळ घालवू नये. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ यांनी मासळीची ॲलर्जी असलेल्या क्युस्टनर या सहकाऱ्याचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचताच गांध उठली. ॲलर्जीला कारण होणारे द्रव्य रक्तातून दुसऱ्याला देता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसऱ्या प्रकारात आयजीजी किंवा आयजीएम प्रतिपिंड थेट पेशींच्या पृष्ठभागावर चिकटतात व त्या पेशी नष्ट होतात. न जुळणारे रक्त चढवणे आणि आईचा आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह गट असताना बाळाला होणारी कावीळ ही त्याची ठळक उदाहरणे.

तिसऱ्या प्रकारात प्रतिजन व प्रतिपिंड यांची संयुगे रक्तवाहिन्या, सांधे व मूत्रपिंडात साचून दाह होतो. सर्पदंशावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते. ते घेतलेल्या काही रुग्णांना एक-दोन आठवड्यांनी ताप, पुरळ व सांधेदुखी होते. हा सीरम-आजार याच प्रकारातला.

चौथ्या प्रकारात प्रतिपिंडांचा वाटा नसतो. टी पेशी काम करतात आणि त्यांना जमायला वेळ लागतो. म्हणूनच क्षयरोगासाठीची मांटू त्वचा-चाचणी ४८ ते ७२ तासांनी पाहतात. महाराष्ट्रात या प्रकाराची ओळख गावोगावी आहे: बिब्ब्याचे तेल लागून त्वचा उतते, फोड येतात. परटाने बिब्ब्याने खूण केलेला कपडा जिथे अंगाला घासतो, नेमका तिथेच चट्टा उमटतो. गाजरगवतातील पार्थेनिन त्वचेतल्या प्रथिनांशी जोडले जाऊन असाच प्रतिसाद पेटवते. शेतात राबणाऱ्यांचा चेहरा, मान व हात खाजून जाड, काळे पडतात. येथे ॲड्रेनॅलिनचा उपयोग नाही. संपर्क तोडणे आणि स्टिरॉइड मलम हाच मुख्य उपाय.

प्रत्यक्षात एकाच रोगात दोन प्रकार दिसू शकतात. कुष्ठरोगात उपचारापूर्वी, उपचारादरम्यान किंवा नंतर उसळणाऱ्या ‘पहिल्या प्रकारच्या’ प्रतिक्रियेमागे जेल-कूम्ब्स यांचा चौथा प्रकार असतो, तर ‘दुसऱ्या प्रकारच्या’, म्हणजे दुखऱ्या गाठी उठणाऱ्या प्रतिक्रियेचा संबंध मुख्यतः तिसऱ्याशी जोडला जातो. आकड्यांचा हा घोटाळा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. औषधच बाधले असे समजून रुग्ण गोळ्या बंद करतात, ते धोक्याचे आहे. बहुविध औषधोपचार चालूच ठेवायचे असतात. मज्जातंतू सुजला असेल तर सोबत स्टिरॉइड लवकर सुरू करावे लागते, नाहीतर हातापायाचे बळ कायमचे जाऊ शकते.