काश्मीरचा पाहुणा मासा

काश्मीरच्या लिद्दर नदीतला तपकिरी ट्राउट मूळचा तिथला नव्हे. १८९९ साली विलायतेहून धाडलेली अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली जगली. हौस साहेबलोकांची, खटपट श्रीनगरच्या मिचेल नावाच्या गालिचा-कारखानदाराची.

भाद्रपदात बर्फाचे पाणी ओसरून नदी नितळ होते. मग गळाला पिसे गुंडाळून केलेली नकली माशी प्रवाहावर सोडायची. परवाना साहेबाच्या खिशात असे. मासा कोणत्या धोंड्याआड उभा आहे, हे मात्र बरोबरचा काश्मिरी शिकारी जाणे. मिचेलचे नाव इतिहासाने नोंदले, याला तो नुसते ‘शिकारी’ म्हणतो. शरद सरताना मासे अंडी घालू लागतात, म्हणून त्याआधीच मोसम मिटे. आणि शिकाऱ्याची रोजंदारीही.