बंद झालेलं कॉलेज आणि त्याचे माजी विद्यार्थी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी आम्हाला गाठलं आणि जरा तिखटच प्रश्न विचारला. "माजी विद्यार्थी, माजी विद्यार्थी म्हणून आता जो तो हाका मारतो. आम्ही फी भरली, परीक्षा दिल्या, पदवी घेतली. व्यवहार पुरा झाला. आता आमच्याकडे कसली मदत मागता?" त्या वेळी आमच्याकडे नीट उत्तर नव्हतं. प्रश्न खोटाही नव्हता. म्हणून आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर ठेवलं आहे. पण उत्तर इतिहासातून द्यायचं, उपदेशातून नाही, असं आम्ही ठरवलं आहे.

आधी आमचाच एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या तुकडीचं स्नेहसंमेलन झालं, पदवीला पंचवीस वर्षं झाली म्हणून. ग्रुपवर तीन महिने चर्चा. टी-शर्टचा रंग कोणता, जेवणात काय, गाणी कुणाची. संमेलन झालं ते गावाबाहेर, एका रिसॉर्टमध्ये. मजा आली, खोटं कशाला बोला. पण परतताना गाडी कॉलेजच्या फाटकावरून गेली आणि लक्षात आलं की दोन दिवसांत एकाच्याही तोंडून "चला, कॉलेजात जाऊन येऊ" निघालं नव्हतं. दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. त्याच कॉलेजच्या ऑफिसात आम्ही कधीकाळी माजी विद्यार्थी संघाची वर्गणी भरली होती. पावती मिळाली. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. हल्ली 'नॅक'ची समिती येणार म्हटलं की आमची आठवण होते, कारण मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा वेगळा रकाना असतो. समिती गेली की रकाना मिटतो. तेव्हा दोष एकट्या कुणाचा नाही.

आता इतिहासाकडे वळू. पुण्याच्या येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे, ते बहुतेकांना ठाऊक असतं. पण हे कॉलेज एकदा सरकारने चक्क बंद केलं होतं, आणि ते पुन्हा उघडलं ते माजी विद्यार्थ्यांनी सोडलं नाही म्हणून, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

मुळापासून पाहू. पेशवाईत श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जात असे. १८१८ मध्ये पेशवाई गेली. एकदम दक्षिणा बंद केली तर पुण्यात असंतोष होईल, हे एल्फिन्स्टन ओळखून होता. त्यातला काही पैसा शिक्षणाकडे वळवावा, असा मार्ग निघाला आणि १८२१ च्या ऑक्टोबरमध्ये विश्रामबागवाड्यात 'हिंदू कॉलेज' सुरू झालं. हे कॉलेज सगळ्यांचं नव्हतं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. दक्षिणेचा पैसा रयतेच्या महसुलातून आलेला, पण शिकायला बसले ते ब्राह्मणांचे मुलगे. पुढे दरवाजे हळूहळू उघडत गेले, पण सुरुवात ही अशी आहे. १८५१ मध्ये इंग्रजी शाळेशी जोडून त्याचं 'पूना कॉलेज' झालं. १८६४ मध्ये येरवड्याला नव्या इमारतीचा पाया घातला गेला आणि 'डेक्कन कॉलेज' हे नाव आलं. इमारतीला मुंबईच्या जमशेटजी जीजीभॉय घराण्याची मोठी देणगी होती. १८६८ मध्ये कॉलेज तिथे राहायला गेलं. देणगीची ही गोष्ट लक्षात ठेवा.

या कॉलेजातून कोण बाहेर पडलं? विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर, इतिहासाचार्य राजवाडे, न. चिं. केळकर, सेनापती बापट. टिळकांनी पहिलं वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामात घालवलं, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. केरूनाना छत्र्यांच्या हाताखाली त्यांनी गणित केलं. आणि तिथेच टिळक-आगरकरांची मैत्री जमली. कॉलेजच्या परिसरात रात्री-रात्री फिरत दोघांनी ठरवलं की सरकारी नोकरी करायची नाही, शाळा काढायची.

आता इथे थोडं थांबू, कारण पुढचं समजायला हे लागतं. शाळा निघाली. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. म्हणजे डेक्कन कॉलेजच्या या मुलांनी आपल्या कॉलेजला काय दिलं? देणगी दिली नाही. उलट त्याच गावात दुसरं कॉलेज उभं केलं, तेही कमी पगारावर आयुष्य वाहून देणाऱ्या माणसांच्या जोरावर. याला कृतघ्नपणा म्हणावं का? आम्हाला तसं वाटत नाही. कॉलेजने जी दृष्टी दिली, ती त्यांनी गावाला परत दिली. परतफेड उगमाकडेच गेली पाहिजे असं कुठे आहे? दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. आपलं शिक्षण लोकांच्या पैशातून झालं, तेव्हा आपल्याकडचं उत्तम ते लोकांना परत द्यायचं, हा विचार त्यांनी आपल्या आठवणींत मांडला आहे. ते आणि त्यांचे सोबती १८४९ मध्ये मुंबईत मुलींना शिकवायला लागले, ते याच भावनेतून.

पण या चांगल्या गोष्टीतच एक पेच दडलेला होता, आणि तो पन्नास वर्षांनी वर आला.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेर जगभर मंदी आली. मुंबई सरकारच्या तिजोरीत खडखडाट. काटकसर कुठे करायची याचा शोध सुरू झाला. पुण्यात तोवर फर्ग्युसन होतं, १९१६ चं सर परशुरामभाऊ कॉलेज होतं, १९३२ मध्ये वाडिया कॉलेजही निघालं होतं. तेव्हा सरकारने पदरच्या खर्चाने आणखी एक कला महाविद्यालय कशाला चालवायचं, हा विचार सहज सुचण्यासारखा होता. ज्या खासगी महाविद्यालयांची वाट डेक्कनच्याच पोरांनी घालून दिली, तीच आता डेक्कनच्या मुळावर आली. १९३४ मध्ये डेक्कन कॉलेज बंद झालं.

बंद झालं म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणा. विश्रामबागवाड्यापासून धरलं तर शंभराहून अधिक वर्षांची संस्था. वर्ग रिकामे, वसतिगृह रिकामं. टिळकांची खोली रिकामी. तक्रार तरी कुणी करायची? प्राध्यापक सरकारी नोकर, ते सरकारविरुद्ध तोंड कसं उघडणार. शिकणारी मुलं दोन-चार वर्षांची पाहुणी, ती दुसऱ्या कॉलेजात नाव घालणार. देणगी देणारे केव्हाच काळाच्या पडद्याआड गेलेले. हे कॉलेज 'आमचं' आहे असं म्हणू शकणारी माणसं एकाच जातीची उरली होती, ती म्हणजे तिथे पूर्वी शिकून गेलेली.

आणि ती माणसं उठली. माजी विद्यार्थ्यांच्या संघटनेने नुसतं अर्ज-विनंत्यांवर भागवलं नाही, सरकारविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मघाशी देणगी लक्षात ठेवा म्हटलं ते याचसाठी. एखादी वास्तू लोकांनी विद्येच्या कामासाठी म्हणून पैसे देऊन उभी केलेली असते, तेव्हा ती सरकारच्या ताब्यात असली तरी सरकारची खासगी मालमत्ता होत नाही, ती विश्वासाने सोपवलेली ठेव असते. त्या काळच्या पदवीधराचा आवडता धंदा वकिली. ही भाषा त्यांना अगदी घरची होती. न्यायालयाचा कौल सरकारला सोयीचा लागला नाही. मधल्या काळात, १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं होतं. १७ ऑगस्ट १९३९ ला डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं.

मध्ये पाच वर्षं गेली होती. लोक पाच वर्षांत सगळं विसरतात. आपण एखादा बंद पडलेला सिनेमागृहाचा पडदा पाच महिन्यांत विसरतो. या मंडळींनी पाच वर्षं विषय जिवंत ठेवला. आमच्या मते त्यांची खरी देणगी ती. पैसा नव्हे.

मात्र जे उघडलं ते त्यांचं जुनं कॉलेज नव्हतं, आणि आम्हाला या हकिकतीत सगळ्यात जास्त हेच भावतं. बी.ए.चे वर्ग परत आले नाहीत. उघडली ती पदव्युत्तर अध्ययनाची आणि संशोधनाची संस्था: भाषाशास्त्र, इतिहास, पुरातत्त्व, समाजशास्त्र. ज्या वर्गात आपण बसलो तो वर्ग, ज्या बाकावर नाव कोरलं तो बाक, हे काही त्यांना मिळालं नाही. नव्याने आलेली माणसंही बहुतेक बाहेरची. हसमुख सांकलिया मुंबईत शिकून लंडनला जाऊन आलेले. इरावती कर्वे फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी, पुढे बर्लिनच्या. भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे. मराठ्यांच्या इतिहासाला त्र्यं. शं. शेजवलकर. ज्या फर्ग्युसनसारख्या कॉलेजांमुळे डेक्कनची गरज संपल्यासारखी वाटली होती, तिथूनच डेक्कनला इरावतीबाई मिळाल्या. इतिहासाला असे विनोद जमतात.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, नाहीतर त्यावरच तीन व्याख्यानं होतील. सांकलियांनी नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी जोर्वे आणि नेवासे इथे उत्खननं केली. महाराष्ट्रात साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेती करणारी, तांबं वापरणारी, रंगीत मडकी घडवणारी माणसं राहत होती, हे आपल्याला नीट कळलं ते या कामातून. त्या संस्कृतीला आज जगभर 'जोर्वे' म्हणूनच ओळखतात. नंतर शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी इनामगावला याच संस्थेच्या लोकांनी वर्षानुवर्षं खोदकाम केलं. इरावतीबाई खेड्यापाड्यांतून, वारीतून हिंडल्या. त्यांचं 'युगान्त' आजही घरोघरी वाचलं जातं. १९४८ मध्ये संस्कृतच्या महाकोशाचं काम सुरू झालं. शब्दाचा पहिला वापर कुठे, अर्थ कसा बदलत गेला, याच्या लाखो चिठ्ठ्या हाताने लिहिल्या गेल्या. पहिला खंड निघायलाच पाव शतकाहून अधिक काळ लागला आणि काम अजून चालूच आहे.

१९३४ मध्ये माजी विद्यार्थी गप्प बसले असते, तर यातलं किती झालं असतं? कदाचित थोडं दुसरीकडे झालं असतं. पण एका छपराखाली भाषा, माती आणि माणूस यांचा अभ्यास मांडणारी जागा पुण्यात उभी राहिली नसती, असं आम्हाला वाटतं.

आता त्या श्रोत्यांच्या प्रश्नाकडे येऊ. व्यवहार पुरा झाला, असं ते म्हणाले. हिशेबच मांडायचा तर नीट मांडू. अनुदानित कॉलेजात आपण भरलेली फी म्हणजे शिक्षणाच्या खर्चाचा लहानसा हिस्सा असते. बाकीचं कुणी दिलं? करदात्यांनी, जमीन देणाऱ्या एखाद्या गावकऱ्याने, साताऱ्याकडच्या रयत शिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी तर मूठ-मूठ धान्य बाजूला काढणाऱ्या बायकांनी. त्यांच्यापैकी कुणीही वसुलीला येत नाही, म्हणून हिशेब संपल्यासारखा वाटतो.

आणि मदत म्हटलं की आपल्याला लगेच चेकबुक आठवतं. पैसा लागतोच, एखाद्या होतकरू मुलीची वर्षाची फी आणि मेस भरली तरी पुष्कळ होतं. पण डेक्कनची हकिकत वेगळंही काही सांगते. तुमच्या कॉलेजची जमीन कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली, ते कागद कुठे आहेत, हे तुमच्यातल्या एकाला तरी ठाऊक आहे का? ग्रंथालयातले जुने वार्षिक अंक रद्दीत गेले की आहेत? ज्या शिक्षकांनी तुम्हाला घडवलं, त्यांच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवायला किती वेळ लागतो? कागद आणि आठवणी सांभाळून ठेवलेल्या असल्या की वेळ आल्यावर बोलायला तोंड असतं.

एक सूचना मात्र करू, जरा कडू वाटेल. कॉलेजात परत जाल तेव्हा "आमच्या वेळी असं नव्हतं" हे वाक्य फाटकाबाहेर ठेवा. डेक्कनच्या मंडळींना आपली तरुणपणाची जागा हुबेहूब हवी होती, असं धरून चाला, हवी असणारच. मिळाली दुसरीच. तरी त्यांनी फाटक उघडलं म्हणून आनंदच मानला असेल. आज तुमच्या कॉलेजात कदाचित कला शाखेची तुकडी लहान झाली असेल, संगणकाची मोठी झाली असेल, मुलं दुसऱ्या जिल्ह्यांतली आणि दुसऱ्या थरांतली असतील, तुमच्या आडनावांची कमी असतील. तीच तर तुमची खरी वारस आहेत.

येरवड्याला गेलात तर टिळकांची खोली बघा. ती जपून ठेवली आहे. पण तिथेच थांबू नका. पुढे पुरातत्त्वाच्या संग्रहालयात जा आणि जोर्व्याची ती लाल मडकी बघा, काळ्या रेघांची, लांब तोटीची. टिळक त्या आवारात राहत होते तेव्हा ही मडकी प्रवरेकाठच्या मातीखालीच होती.

पुढच्या वेळी आपण फर्ग्युसनकडे जाणार आहोत, आणि केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊनही दिलेल्या शब्दाखातर परत आलेल्या र. पु. परांजप्यांबद्दल बोलणार आहोत. प्रश्न असतील तर आता घेऊ. मघाशी ज्यांनी प्रश्न विचारला होता म्हणून सांगितलं, ते गृहस्थ आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. पहिला माईक त्यांच्याकडे द्या.