आजीचा कॅमेरा आणि चाळीचा पत्ता

आजी खडवलीत, मी डोंबिवलीत. तिच्या घरचा कॅमेरा मोबाइलवर दिसावा म्हणून राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं. पण चित्र काही येईना!

कारण जुनं आहे. आयपीव्ही४चे पत्ते सुमारे ४३० कोटीच. ते पुरणार नाहीत म्हणून १९९४ साली नॅट मांडलं गेलं : चाळीला पत्ता एक, खोल्या अनेक. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे बाहेरून आलेल्याला खोली दाखवणं. २०११मध्ये आशियाचा साठा आटला. २०१२मध्ये कंपन्यांच्या नॅटसाठी १००.६४पासूनचे पत्ते राखले गेले. माझ्या राउटरला नेमका त्यातलाच मिळालेला! म्हणजे चाळीबाहेर आणखी एक फाटक, आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

पब्लिक आयपी मागून घेतला, कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला. आजी दिसली, तांदूळ निवडताना. तुम्हीही आधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा, मग डोकं फोडा!