खुनाला फाशी की जन्मठेप, हे न्यायाधीश कशावरून ठरवतात?

एका खून खटल्यात तिघांना फाशी सुनावली गेली. गुन्हा एकच, तिघांचा वाटाही सारखाच. पण सुप्रीम कोर्टात तिघांची प्रकरणं वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. एकाची याचिका फेटाळली गेली आणि १९८१ मध्ये तो फासावर चढला. दुसऱ्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याची, म्हणजे हरबंस सिंगची, याचिकाही आधी फेटाळली गेली होती. पण हा फरक लक्षात आल्यावर १९८२ मध्ये कोर्टानेच त्याची शिक्षा कमी करण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. पहिल्यासाठी मात्र तेव्हा उशीर झाला होता.

असं होऊ शकतं, कारण कायदा निवड न्यायाधीशावर सोपवतो. पूर्वीचं कलम ३०२, आताचं भारतीय न्याय संहितेचं कलम १०३: खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप. कधी काय द्यायचं, हे कलमात लिहिलेलं नाही.

इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फाशी हा नियम होता. ती टाळायची तर न्यायाधीशाला कारण द्यावं लागे. ही अट १९५५ च्या दुरुस्तीने गेली, आणि १९७३ च्या संहितेने गाडी पार उलटी फिरवली. आता फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणं’ लिहावी लागतात.

ही विशेष कारणं कोणती? १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात घटनापीठाने ४ विरुद्ध १ मतांनी मृत्युदंड वैध ठरवला, पण तो ‘दुर्मिळातल्या दुर्मीळ’ प्रकरणांपुरता. हे शब्द बातम्यांत सतत येतात आणि त्यांचा अर्थ बहुतेक वेळा ‘अतिशय क्रूर गुन्हा’ एवढाच घेतला जातो. तो अपुरा आहे. कोर्टाला गुन्ह्याइतकंच गुन्हेगाराकडेही पाहावं लागतं: त्याचं वय, मानसिक स्थिती, सुधारण्याची शक्यता. तो सुधारणार नाही, हे सरकारने दाखवायचं असतं. जन्मठेपेचा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल, तरच फाशी.

गंमत म्हणजे खुद्द सुप्रीम कोर्टालाच याचा विसर पडला. १९९६ च्या रावजी खटल्यात फक्त गुन्ह्याचं स्वरूप पाहून फाशी कायम झाली. महाराष्ट्रातल्या बरियार खटल्यात, २००९ मध्ये, कोर्टाने हा निकाल बच्चन सिंगच्या विरोधात असल्याचं मान्य केलं. रावजीला तोवर फाशी होऊन गेली होती. त्याच २००९ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात हायकोर्टाने तिघांना दिलेली जन्मठेप बदलून सुप्रीम कोर्टाने सहाही आरोपींना फाशी दिली. २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं.

मधला रस्ता २००८ मध्ये स्वामी श्रद्धानंद खटल्यात निघाला. ‘जन्मठेप म्हणजे १४ वर्षं’ हा समज चुकीचाच आहे. जन्मठेप मरेपर्यंत असते, १४ वर्षांनंतर फक्त शिक्षामाफीचा विचार होऊ शकतो. त्याऐवजी २५ किंवा ३० वर्षं, अगदी आयुष्यभर सुटका नाही, असं कोर्ट ठरवू लागलं. २०१५ मध्ये घटनापीठाने याला मान्यता दिली, पण हा अधिकार फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाचा.

दोषी ठरवल्यावर शिक्षेसाठी वेगळी सुनावणी घ्यावी लागते. अनेकदा ती त्याच दिवशी उरकली जाते. गुन्हेगाराची पार्श्वभूमी मांडायला वेळ किती द्यायचा, हा प्रश्न २०२२ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला.