ज्यांचं मैदान, त्यांचे नियम

६ नोव्हेंबर १८६९, शनिवार. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टनची पोरं आगगाडीतून न्यू ब्रन्सविकला उतरली. अंतर काही फार नव्हतं, साधारण २५ किलोमीटर. तिथल्या रटगर्स कॉलेजशी त्यांचा फुटबॉलचा सामना होता. रटगर्सची पोरं त्यांना घ्यायला आली होती. सामना दुपारी तीनला, म्हणून मधल्या वेळात यजमानांनी पाहुण्यांना गाव दाखवलं. काही जण बिलियर्ड खेळत बसले.

‘अमेरिकन फुटबॉल’चा इतिहास याच दिवसापासून मोजतात. हेल्मेट, खांद्यांवरची जाड पॅड, लांबुळका चेंडू, सुपर बोल, हे सगळं ज्या खेळात आहे त्याचा हा पहिला कॉलेज सामना. गंमत अशी की, त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. चेंडू गोल होता आणि तो उचलून पळायला बंदी होती. थोडक्यात, तुम्ही-आम्ही ज्याला फुटबॉल म्हणतो त्याच्याच जवळचा हा खेळ होता. मग तो गेला कुठे? मला याचं उत्तर त्या काळातल्या पोरांच्या प्रवासांत सापडतं.

गल्ली क्रिकेट खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे एक टप्पा आऊट, शेजारच्या सोसायटीत नाही. आमच्याकडे भिंतीपलीकडे चेंडू गेला की आऊट, तिकडे सिक्स. मॅच खेळायला गेलो की आधी वादावादी, आणि शेवटी एकच तोडगा: ज्यांचं मैदान, त्यांचे नियम.

१८६९ मध्ये अमेरिकी कॉलेजांचं असंच होतं. चेंडू लाथाडायचा खेळ सगळीकडे होता, पण प्रत्येकाचा निराळा. रटगर्सने लंडनच्या फुटबॉल असोसिएशनच्या नियमांवर बेतलेले नियम पुढे केले. प्रिन्स्टनमध्ये हवेतला चेंडू झेलला की फ्री किक मिळायची. पाहुणे म्हणून त्यांनी तो हक्क त्या दिवसापुरता सोडला.

दोन्हीकडे २५-२५ खेळाडू. एकूण दहा गोल होईपर्यंत खेळायचं, ज्याचे जास्त तो जिंकला. रटगर्सच्या पोरांनी ओळखू यावं म्हणून लाल रुमाल डोक्याला फेट्यासारखे गुंडाळले होते. साधारण शंभर प्रेक्षक. त्यातले काही लाकडी कुंपणावर बसलेले. चेंडूमागे धावणारे दोन खेळाडू त्या कुंपणावरच जाऊन आदळले आणि प्रेक्षकांसकट कुंपण कोसळलं! रटगर्स ६-४ ने जिंकलं. तीन वर्षांपूर्वी याच प्रिन्स्टनने त्यांना बेसबॉलमध्ये ४०-२ असं धुतलं होतं, त्याची थोडी भरपाई झाली. संध्याकाळी दोन्ही संघ एकत्र जेवले.

आठवड्याने रटगर्स प्रिन्स्टनला गेलं. आता मैदान प्रिन्स्टनचं, नियमही प्रिन्स्टनचे, फ्री किकसकट. निकाल ८-० असा उलटा. तिसरा सामना झालाच नाही.

असं दर शनिवारी नियम बदलून किती दिवस चालणार? ऑक्टोबर १८७३ मध्ये येल, प्रिन्स्टन, रटगर्स आणि कोलंबिया यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून एकच नियमावली ठरवली. ती फुटबॉलच्या वळणाची होती, चेंडू हातात घेऊन पळणं नाहीच. अमेरिका फुटबॉलचा देश होण्याच्या वाटेवर होती, असं म्हणायला हरकत नाही.

पण हार्वर्ड या बैठकीला आलंच नाही. त्यांच्या ‘बॉस्टन गेम’मध्ये चेंडू उचलून पळता यायचं आणि ते सोडायची त्यांची तयारी नव्हती. साहजिकच त्यांना जवळपास प्रतिस्पर्धी उरला नाही. मे १८७४ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून मॅकगिल विद्यापीठाचा संघ सीमा ओलांडून केंब्रिजला आला. पहिल्या दिवशी हार्वर्डच्या नियमांनी खेळ झाला, हार्वर्ड ३-० ने जिंकलं. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या नियमांनी, म्हणजे रग्बी. लांबुळका चेंडू, आणि ०-० बरोबरी. एकही गोल न झालेल्या त्या सामन्याने हार्वर्डच्या पोरांना वेड लावलं. त्यांनी आपला खेळ सोडला आणि पाहुण्यांचा धरला.

पुढचं सगळं वेगाने घडलं. नोव्हेंबर १८७५ मध्ये हार्वर्ड येलच्या मैदानावर खेळायला गेलं. नियम तडजोडीचे, पण पारडं रग्बीकडे झुकलेलं. हार्वर्ड जिंकलं. तो सामना बघायला प्रिन्स्टनचे काही विद्यार्थीही गेले होते, तेही भारावून परतले. १८७६ मध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांचे प्रतिनिधी स्प्रिंगफील्डला भेटले आणि त्यांनी रग्बीवर आधारलेले नियम ठरवले. आजचा अमेरिकन फुटबॉल त्यातूनच वाढला. पहिला सामना जिंकणारं रटगर्स त्या बैठकीत नव्हतं.

ही शेवटची गोष्ट मला जास्त खटकते. १८७३ च्या बैठकीला हार्वर्ड गैरहजर होतं, १८७६ च्या बैठकीला रटगर्स. हार्वर्डच्या गैरहजेरीने सगळ्यांचा खेळ बदलला, रटगर्सच्या गैरहजेरीने कोणाचंच काही अडलं नाही. हार्वर्डशी सामना सगळ्यांनाच हवा होता, म्हणून सगळे हळूहळू त्याच्या नियमांकडे सरकले. कोणता खेळ जास्त चांगला, यावर निकाल लागलाच नाही. निकाल लागला तो कोणाशी खेळायला मिळावं म्हणून आपण काय सोडायला तयार आहोत, यावर. गल्लीतही बॅट ज्याची असते, त्याला वाद जिंकावा लागत नाही. तो घरी जायला निघाला तरी पुरतं.

या कॉलेजांमधून गोल चेंडूचा खेळ जवळजवळ तीस वर्षं बाजूला पडला. १ एप्रिल १९०५ रोजी फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफोर्ड या छोट्या कॉलेजचा संघ सामना खेळायला केंब्रिजला गेला. अमेरिकी कॉलेजांमधल्या आधुनिक सॉकरचा हा पहिला सामना मानतात. मैदान हार्वर्डचं होतं. पाहुणे १-० ने जिंकले.