मिलोची भाकरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. जन्मभर बँकेत आकडे लिहिले, त्यामुळे ललित लेखन काही मला जमणार नाही. पण आपल्या सोसायटीतल्या तरुण मंडळींना 'मिलो' म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि सत्तरी ओलांडलेल्यांना नुसतं नाव काढलं तरी चव आठवते. म्हणून हा स्वयंपाकघरातला इतिहास लिहून ठेवतो.

आमचं गाव मंगळवेढ्याजवळ, सोलापूर जिल्ह्यात. काळी खोल जमीन आणि त्यात पिकणारी रब्बीची ज्वारी. हिला पुढे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढा म्हटलं की दामाजीपंत आठवतात. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्याचं कोठार भुकेल्यांसाठी उघडलं, ही कथा आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. आमच्याकडे ती नुसती कथा नव्हती. दुष्काळ येतोच, हे धरूनच तिथला माणूस जगायचा. त्यासाठी घरोघरी पेवं असत, म्हणजे जमिनीत खोल खणलेली धान्याची कोठारं. पेव उघडलं की आत हवा खेळू द्यायची, मगच माणूस उतरायचा. घरात भाकरी रोजची. गव्हाची पोळी सणाला, नाहीतर पाहुणे आले तर.

१९७० आणि ७१ ला पाऊस कमीच झाला आणि १९७२ ला त्याने पारच दडी मारली. महाराष्ट्राचा मोठा भाग होरपळला. आमचं पेव रिकामं झालं. त्या काळात रेशनवर जी लाल ज्वारी आली, ती मिलो. अमेरिकेतून आलेली. तिकडे ती जनावरांना घालतात, असं लोक बोलायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण बोलत बोलतच पिशवी घेऊन रांगेत उभे राहायचे.

आईसारखी भाकरी थापणारी आमच्या आळीत दुसरी नव्हती. पण मिलोच्या पिठापुढे तिनेही हात टेकले. पिठाला चिकटपणा नाही. थापायला घेतली की कडेने चिरा पडायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. मग आई उकळतं पाणी घालून पीठ मळायची आणि लहान लहान भाकऱ्या करायची. रंग तांबूस, चव तुरट, आणि गार झाली की दातांची परीक्षा! सोबत लसणाची चटणी नाहीतर अंबाडी. वडील निमूटपणे खायचे. धाकटी बहीण "ही नको, आपली दे" म्हणून रडायची. 'आपली' कुठून आणणार?

सरकारने दुष्काळी कामं काढली. वि. स. पागे यांच्या विचारातून पुढे आलेली रोजगार हमी योजना याच काळातली. तिचा कायदा १९७७ साली झाला. पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणे अशी ती कामं. जमीनदार आणि शेतमजूर एकाच रांगेत टोपली उचलताना मी पाहिले आहेत. आईही जायची. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाती स्वतःच्या नावावरचा पगार आला, तो त्या खडीवर. कामावर सुकडी मिळायची. आई स्वतःची सुकडी पदरात बांधून बहिणीसाठी आणायची. दिवसभर खडी फोडून घरी आल्यावर चूल पेटवायचीही तिनेच, आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, तेही तिनेच. त्या वर्षभरात ती काय आणि किती जेवली, हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच सांगता येत नाही.

शहरातही चुली सुखात नव्हत्या. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांबरोबर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तोच हा लाटणे मोर्चा.

त्यानंतर पाऊस आला, मिलो गेली. पण आमचं ताट पूर्वीसारखं झालं नाही. हरितक्रांतीचा गहू रेशनवर सहज मिळू लागला, मुलं नोकरीसाठी शहरात आली, आणि जी पोळी सणाची होती ती रोजची झाली. भाकरी मागासलेपणाची खूण ठरली. आता काळ पुन्हा फिरला आहे. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. हॉटेलात भाकरीचे दर पाहून आई हसली असती.

'पूर्वीचं खाणं किती सकस होतं' असं आपण नेहमी म्हणतो. ते अर्धंच खरं. त्या खाण्यात पेवातली ज्वारी होती तशी रेशनची मिलोही होती, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारी बाईही होती.

आपल्या सोसायटीत कोकणातली, खानदेशातली, मराठवाड्यातली, विदर्भातली कुटुंबं पंचवीस वर्षं एकत्र नांदत आहेत. प्रत्येक घरात बहात्तरचा दुष्काळ पाहिलेलं एखादं तरी माणूस अजून आहे. दरवर्षी ही संख्या कमी होते आहे. नातवंडांनो, आजीला पुरणपोळीची रेसिपी जरूर विचारा. पण त्या वर्षी घरात काय शिजत होतं आणि तिच्या वाट्याला किती येत होतं, तेही विचारून ठेवा.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा!