खानदेशातील कलाविद्यार्थी आणि हास्यरेषा

वहीच्या मागच्या पानावर सरांचे अर्कचित्र काढणारा एक तरी मुलगा प्रत्येक वर्गात असतो. मित्र त्याचे कौतुक करतात आणि सर त्याला शिक्षा करतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देऊन हाच मुलगा पुढे जळगाव, धुळे किंवा चोपड्याच्या कला महाविद्यालयात दाखल होतो. तेथे त्याला कळते, की जी गोष्ट आपल्याला सर्वांत चांगली जमते, तिच्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास नाही. खानदेशात व्यंगचित्रकार होऊ पाहणाऱ्याचे शिक्षण त्यामुळे निम्मे वर्गात आणि निम्मे वर्गाबाहेर होते.

राज्यातील कलाशिक्षणाची घडी १९६५ मध्ये स्थापन झालेल्या कला संचालनालयाने बसविली. तिची रूढ वाट अशी : प्रथम एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'फाउंडेशन', आणि त्यानंतर रेखा व रंगकला किंवा उपयोजित कलेची पदविका. ज्याला लवकर नोकरी हवी, तो कला शिक्षक पदविकेकडे, अर्थात 'एटीडी'कडे वळतो. वस्तुचित्र, निसर्गचित्र, द्विमितीय व त्रिमितीय संकल्प, यथार्थदर्शन, अक्षरांकन अशा विषयांत पहिले वर्ष सरते. पुढे मस्तकचित्रण, व्यक्तिचित्रण आणि रचनाचित्र येते. व्यंगचित्र ही यांतील वेगळी शाखा नाही. फार तर उपयोजित कलेत कथाचित्राच्या निमित्ताने तिचा स्पर्श होतो.

जळगावात खानदेश कॉलेज एज्युकेशन सोसायटीचा ओजस्विनी कला विभाग आहे, तर चोपड्यात भगिनी मंडळाचे ललित कला केंद्र. अशा ठिकाणी येणारी बरीच मुले आसपासच्या खेड्यांतील शेतकरी किंवा कारागीर कुटुंबांतून येतात. एसटीचा सवलतीचा पास, खांद्याला ड्रॉइंग बोर्ड, पिशवीत रंगांच्या बाटल्या आणि डबा. गर्दीच्या गाडीत तो बोर्ड कोठे ठेवायचा, यावरून वाहकाशी रोज बोलाचाली ठरलेली. खर्चाचा प्रश्न तर कायमचा. कला शाखेच्या अन्य विद्यार्थ्याला वह्या-पुस्तकांवर वर्ष काढता येते. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कागद, ब्रश आणि रंग दर महिन्याला लागतात. सादरीकरणाची मुदत जवळ आली, की एकाच खोलीत राहणारे तिघे-चौघे एकाच ब्रशवर रात्र काढतात. घरी मात्र 'चित्रे काढून पोट भरेल का,' हा प्रश्न कोणत्याही सुटीत चुकत नाही.

व्यंगचित्राची खरी शाळा असते ती रेखाटनाची वही. दर आठवड्याला ठरावीक रेखाटने करून आणण्याचा दंडक विद्यार्थ्यांना जाचक वाटतो. पण त्यापायी ते बाहेर पडतात. जळगावचे रेल्वे स्थानक, गोलाणी मार्केट, फुले मार्केट, धुळ्याचे बसस्थानक आणि पाचकंदील परिसर ही त्यांची ठरलेली ठिकाणे. स्थिर बसलेल्या मॉडेलचे चित्र काढण्यास तास मिळतो, तर फलाटावरची व्यक्ती गाडी आली, की उठून जाते. त्या दोन मिनिटांत टोपीचा कल, पोटाचा घेर, पिशवी धरण्याची तऱ्हा एवढेच टिपायचे असते. नेमके काय सोडायचे, हे येथे कळते आणि व्यंगचित्रकाराचे निम्मे कौशल्य त्यातच आहे.

या भागातील विद्यार्थ्यांना आणखी एक भाग्य लाभले आहे. अजिंठ्याची लेणी जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर आहेत. महाविद्यालयाची सहल तेथे जाणारच. या लेण्यांशी कलाविद्यार्थ्यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांना येथे आणून भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांपैकीच. या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमधील आगीत नष्ट झाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृतीही १८६६ च्या आगीत गेल्या होत्या. गिल यांची कबर भुसावळात आहे.

अजिंठा म्हटले, की पद्मपाणीची मुद्रा डोळ्यांपुढे येते. व्यंगचित्राची आवड असणाऱ्याने मात्र १७ क्रमांकाच्या लेण्यात अधिक वेळ थांबावे. विश्वंतर जातकातील लोभी ब्राह्मण जूजक तेथे चितारला आहे. राजपुत्राची मुले मागून नेणारा आणि त्यांच्या मोबदल्यात धन घेणारा हा म्हातारा. पुढे आलेले दात, बोकडदाढी आणि धनाकडे लागलेली नजर! भोवतालच्या देखण्या चेहऱ्यांत हा एकच चेहरा चित्रकाराने मुद्दाम बिघडविला आहे. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या कलावंताला अतिशयोक्ती कोठे करावी आणि कोठे थांबावे, हे पक्के ठाऊक होते.

खानदेशातून कलेच्या वाटेवर निघालेल्यांची उदाहरणेही समोर आहेत. शिल्पकार राम सुतार यांचा जन्म १९२५ मध्ये धुळे जिल्ह्यातील गोंदूर गावचा. 'जे. जे.'मध्ये त्यांनी १९५३ मध्ये मेयो पदक मिळविले, नंतर पुरातत्त्व विभागात वेरूळ-अजिंठ्याच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम केले. गुजरातमधील १८२ मीटर उंचीचा सरदार पटेल यांचा पुतळा त्यांच्याच संकल्पनेतून उभा राहिला. दुसरे टोक चाळीसगावच्या केकी मूस यांचे (१९१२-१९८९). रेल्वे स्थानकाजवळच्या घरात जवळजवळ कोंडून घेऊन त्यांनी छायाचित्रण आणि चित्रकलेची साधना केली. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून त्यांनी घडविलेली छायाचित्रे आजही थक्क करतात. एकाने गाव सोडले, दुसऱ्याने घरही सोडले नाही.

मराठी व्यंगचित्राचा इतिहास पाहता कला महाविद्यालयाचा शिक्का अनिवार्य होता, असे दिसत नाही. शि. द. फडणीस 'जे. जे.'मध्ये उपयोजित कला शिकले. वसंत सरवटे पेशाने अभियंता होते. आर. के. लक्ष्मण यांना तर याच 'जे. जे.'ने प्रवेश नाकारला होता! तरीही शिक्षणाचा उपयोग होतोच. फडणीसांच्या शब्दविरहित चित्रांत रंगसंगती आणि रचना यांचे जे भान दिसते, ते निव्वळ विनोदबुद्धीने येत नाही.

साधने तशी थोडी. गुळगुळीत कार्डशीट, पेन्सिल, टाक किंवा बारीक ब्रश आणि पाण्याने न पसरणारी काळी शाई. आधी कल्पना, मग छोटे कच्चे आराखडे, मग पक्की रेघ. नवशिक्याचा गोंधळ बहुधा मजकुराच्या ठिकाणी होतो. चित्राने जे सांगितले, तेच तो ओळीत पुन्हा लिहितो. खानदेशी मुलापुढे भाषेचाही पेच असतो. त्याला विनोद सुचतो तो अहिराणीत. 'मना', 'तुना', 'आंडोर', 'आंडेर' या शब्दांचा ठसका प्रमाण मराठीत आणताना हरवतो आणि अहिराणीतच ठेवला, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळत नाही. काहींनी यावर शब्दच वगळण्याचा तोडगा काढला. तो सर्वांत अवघड आणि सर्वांत चांगला होय.

पोटाचा प्रश्न उरतोच. पूर्वी दुकानांच्या पाट्या, ट्रकमागची अक्षरे आणि निवडणुकीच्या भिंती रंगवून विद्यार्थी फी भागवीत. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स आला आणि हे काम संगणकाकडे गेले. दुसरा आधार कलाशिक्षकाच्या नोकरीचा. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, तेही शंभरांवर पटसंख्या असल्यास, कलेला केवळ अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. पदविका हाती घेतलेल्याला हा शब्द फार महागात पडतो. वृत्तपत्रांतील जागाही आक्रसत आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जुलै २०१९ पासून आपल्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीतील दैनंदिन राजकीय व्यंगचित्रे बंद केली. आता तर सांगितलेल्या वर्णनावरून संगणकच चित्र काढून देतो. कागदावर काढलेले चित्र मोबाइलवरून हजारोंपर्यंत जाते खरे, पण त्याचे मानधन कोणी देत नाही. अर्कचित्रांची मागणी मात्र लग्नसमारंभांतून वाढली आहे. पाहुण्यांना पाच मिनिटांत चेहरा काढून देणारा विद्यार्थी फलाटावरच्या सरावाचे पैसे तेथे वसूल करतो.

दिवाळी अंक हे अजूनही मानाचे दार आहे. मराठीत ही परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची. 'आवाज'सारख्या अंकांनी हास्यचित्रांना घरोघरी नेले. या अंकांची जुळवाजुळव दिवाळीच्या कित्येक महिने आधी सुरू होते. त्यामुळे भर पावसाळ्यात, फटाके आणि फराळाचा मागमूस नसताना, जळगाव किंवा धुळ्यातील एखाद्या भाड्याच्या खोलीत करंज्यांवरचे विनोद रेखाटले जात असतात. जुन्या काळी पाकिटात परतीची तिकिटे घालून चित्रे पाठवीत. आता ती स्कॅन करून जातात आणि नापसंतीचे उत्तर बहुधा येतच नाही.